संगणकाची स्मृति आणि खेळाची गति

ज्या घरांत दोन-तीन शिकणारीं मुलें आहेत आणि बऱ्यापैकीं एक संगणक आहे, त्या घरांत अलीकडे एक वाद हटकून ऐकूं येतो. मुलगा म्हणतो, "नाना, खेळ मध्येंच अडखळतो, रॅम बदलावी लागेल." वडील म्हणतात, "अरे, सोळा गिगाबाइट रॅम आहे ना यांत? मागच्या दिवाळीला तूंच मोजून घेतलीस. आतां आणखी किती हवी?" मुलगा समजावूं लागतो कीं, प्रश्न ती किती आहे याचा नाहीं, ती किती चपळ आहे याचा आहे. तेवढ्यांत वर्तमानपत्रांतून डोकें वर काढून काका निकाल देतात कीं, हें सारें दुकानदारांनीं पसरविलेलें शास्त्र आहे. आणि आजीबाई विचारतात, खेळच तो, जरा सावकाश चालला तर काय बिघडलें? अशा वादाचा शेवट बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनें होतो. वस्तुतः हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे, त्याला उत्तर आहे, आणि तें उत्तर वडिलांच्या पक्षास पूर्णपणें अनुकूल नाहीं व मुलाच्याही पक्षास नाहीं.

एरव्हीं या विषयावर इतकी शाई खर्च करण्याचें कारण पडलें नसतें. पण आतां प्रश्न खरोखरीच पैशाचा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारलेल्या प्रचंड संगणकगृहांनीं जगांतील स्मृतिपट्ट्यांच्या उत्पादनाचा मोठा वांटा उचलल्यामुळें २०२५ सालच्या उत्तरार्धांत रॅमचे भाव थोड्याच महिन्यांत भराभर चढले. त्याच वर्षीं डिसेंबरांत मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनें 'क्रुशियल' या नांवानें चाललेला आपला घरगुती ग्राहकांचा व्यापार बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा दिवसांत जुनी पट्टी काढून जलद पट्टी बसविणें म्हणजे घरखर्चांतून कांहीं हजार रुपये बाजूला काढणें होय. आणि ते काढावे कीं नाहींत हें ठरविण्यापूर्वीं ही स्मृति काय वस्तु आहे व ती खेळाला कोठें अडविते, हें घरांतील वडील माणसांनीं समजून घेतलें तर तें वावगें होणार नाहीं.

संगणकांत विचार करण्याचें काम प्रोसेसर करितो, आणि त्याला ज्या माहितीवर काम करावयाचें ती हाताशीं धरून ठेवण्याचें काम रॅम करिते. आज आपण जिला रॅम म्हणतों तिचें बीज आय. बी. एम. कंपनीचे संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांनीं पेरलें. त्यांस या शोधाचें पेटंट १९६८ सालीं मिळालें, व १९७० सालीं इंटेल कंपनीनें या जातीची एक चकती बाजारांत आणली, तिच्यांत अवघे १०२४ अंक मावत. कल्पना मोठी सुटसुटीत आहे. 'होय' किंवा 'नाहीं' एवढी एकच गोष्ट लक्षांत ठेवण्यासाठीं एक अतिसूक्ष्म विद्युत्पात्र करावयाचें. तें भरलेलें असलें तर 'होय', रिकामें असलें तर 'नाहीं'. अशीं कोट्यवधि पात्रें एका नखाएवढ्या जागेंत रांगारांगांनीं मांडलेलीं असतात. परंतु हीं पात्रें गळकीं आहेत. भरून ठेवलेला विद्युद्भार आपोआप झिरपून जातो. म्हणून परवांपर्यंत सर्वत्र असलेल्या डीडीआर-४ जातीच्या रॅममध्यें प्रत्येक पात्र ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत एकदां तरी पुन्हां भरून घ्यावें लागतें. शिवाय पात्रांत काय आहे हें पाहावयाचें म्हणजे तें ओतूनच पाहावें लागतें. पाहून झालें कीं पुन्हां भरावयाचें. त्यांतही एक-एक पात्र सुटें उचलतां येत नाहीं. आधीं संपूर्ण रांग उघडावी, मग त्या रांगेंतील हवें तें घर निवडावें, आणि दुसऱ्या रांगेकडे जावयाचें असल्यास पहिली मिटून घ्यावी. जुन्या फडताळांत खालचा खण उघडण्यासाठीं वरच्या खणाचें दार आधीं लोटावें लागे, तसाच हा प्रकार. स्मृतीची जी सुस्ती म्हणतात ती येथून उगम पावते. ती कारखानदारांच्या आळसाची नव्हे, पदार्थाच्या स्वभावाची आहे.

ही सुस्ती किती? आपल्या हिशेबानें पाहिलें तर कांहींच नाहीं. प्रोसेसरनें रॅमकडे एखादी गोष्ट मागितल्यापासून ती हातीं येईपर्यंत साधारणतः ऐशीं अब्जांश सेकंद जातात. म्हणजे पापणी लवण्याच्या अवधींत अशा लक्षावधि खेपा होऊन जातील. परंतु प्रोसेसरचा काळ आपल्याहून निराळ्या मापानें मोजावा लागतो. उत्तम प्रतीचा आजचा प्रोसेसर एका सेकंदांत पांच अब्ज ठेके धरितो. त्याचा एक ठेका म्हणजे आपला एक सेकंद असें समजूं. मग त्याच्या स्वतःच्या अंगांतली जी सर्वांत जवळची लहानशी सांठवण आहे, तेथून वस्तु मिळावयास चार-पांच सेकंद लागतात. हा झाला चुलीशेजारचा मिसळणाचा डबा. अंगांतलीच पण जरा दूरची सांठवण पाऊण मिनिटाच्या आंतबाहेर देते. हें माजघरांतलें फडताळ. रॅमकडे गेलें तर सुमारें पावणेसात मिनिटें. हें परसापलीकडचें कोठीघर. आणि रॅममध्यें वस्तु नसल्यामुळें एसएसडीकडे जावें लागलें तर जवळजवळ सहा दिवस, व जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्ककडे जावें लागलें तर दीड वर्षाहून अधिक! पूर्वीं माणसें काशीला जाऊन येत तेवढा हा काळ आहे. चुलीवर फोडणी तडतडत आहे, मोहरी संपली म्हणून कोणी कोठीघराकडे धांवला आहे, आणि आचारी पावणेसात मिनिटें डाव हातांत धरून उभा आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे बाकीचा सारा विषय अर्धाअधिक समजला.

आतां खेळ अडखळतो म्हणजे काय होतें तें पाहूं. पडद्यावर जें हलतें चित्र दिसतें तें वास्तविक एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची माळ असते. यास मुलें 'फ्रेम' म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम पाहिजेत असा सामान्य दंडक आहे. म्हणजे प्रत्येक चित्रासाठीं १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्यांत प्रोसेसरनें खेळांतील सर्व पात्रें कोठें आहेत, कोणी कोणास धडक दिली, कोण मेलें, कोण वांचलें याचा निकाल लावावयाचा, आणि मग ग्राफिक्स कार्डानें तें सर्व रंगवून पडद्यावर मांडावयाचें. चित्रपट मागचें-पुढचें ठाऊक असल्यामुळें आधींच तयार करून ठेवतां येतो. खेळाचें तसें नाहीं. मुलानें कोणती कळ दाबली हें कळल्याशिवाय पुढचें चित्र तयारच करतां येत नाहीं. लग्नाच्या पंगतींत पहिला भात वाढून होतो न होतो तोंच वरण, वरणामागून तूप, हें जसें न थांबतां चालावें लागतें, तसेंच हें आहे. ऐशीं अब्जांश सेकंदांची एक खेप धरली, आणि एक खेप संपल्यावरच दुसरी सुरू होते असें मानलें, तर एका फ्रेमच्या अवधींत अवघ्या दोन लाख खेपा होतात. हा आंकडा मोठा वाटतो, पण हजारों वस्तूंनीं भरलेल्या खेळाला तो पुरत नाहीं. आणि हौशी खेळाडूंस साठ फ्रेमनीं समाधान होत नाहीं. त्यांचे पडदे सेकंदाला १४४ चित्रें दाखवितात. तेथें एका चित्रास सातहि सहस्रांश सेकंद मिळत नाहींत.

हिशेबठिशेबाच्या कामांत प्रोसेसरला इतका त्रास होत नाहीं. घरच्या जमाखर्चाची वही जशी ओळीनें वाचीत जावी, तशी तेथील माहिती ओळीनें मांडलेली असते, व पुढें काय लागणार हें ओळखून प्रोसेसर तें आगाऊ मागवून ठेवूं शकतो. खेळांतली माहिती मात्र विखुरलेली असते. एका सैनिकाची नोंद एका कोपऱ्यांत, त्याच्या बंदुकीची दुसऱ्या, तो ज्या भिंतीआड लपला आहे तिची तिसऱ्या; आणि पहिली नोंद वाचल्याशिवाय दुसरी कोठें आहे हेंच कळत नाहीं. अशा ठिकाणीं आगाऊ मागवून ठेवण्याची युक्ति चालत नाहीं. कारखाने उभारण्याचा 'फॅक्टोरिओ' नांवाचा एक खेळ आहे. चित्रें अगदीं साधीं, पण खेळणारा जसजसा रमत जातो तसतसे त्यांत हजारों पट्टे, यंत्रें, आगगाड्या होतात, व त्या प्रत्येकाची विचारपूस क्षणाक्षणाला करावी लागते. या खेळाला भारी ग्राफिक्स कार्ड देऊन फारसा लाभ होत नाहीं. चपळ रॅम दिली तर तो तत्काळ सुधारतो.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण दुकानांतल्या पाट्यांवर तो पुसून टाकलेला असतो. स्मृतीचा 'वेग' या एका शब्दांत दोन निराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. विहिरीवरून पाणी आणावयाचें आहे. विहीर किती लांब आहे, म्हणजे पहिली घागर घरांत यावयास किती वेळ लागतो, ही एक गोष्ट. आणि पाणी आणणारीं माणसें किती, म्हणजे एकदां रांग सुरू झाली कीं तासाला किती घागरी येतात, ही दुसरी. पहिलीस विलंब म्हणावें, दुसरीस प्रवाह. दहा माणसें अधिक लाविलीं तर प्रवाह वाढेल. विहीर जवळ येणार नाहीं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा रॅमचा इतिहास या दृष्टीनें पाहिला तर मोठी गंमत दिसते. उत्तम डीडीआर-४०० पट्टीवर विलंबाचा आंकडा २ असे. तिचें खरें घड्याळ सेकंदाला २० कोटि ठेक्यांचें, म्हणजे रांगेंतील घर निवडण्याचा विलंब झाला दहा अब्जांश सेकंद. पुढें डीडीआर-२ आली, ८०० वेगाची व ४ विलंबाची, पुन्हां दहा. डीडीआर-३ ची १६०० वेगाची ८ विलंबाची पट्टी, दहा. डीडीआर-४ ची ३२०० वेगाची १६ विलंबाची, दहा. आणि आजची नांवाजलेली डीडीआर-५, ६००० वेगाची व ३० विलंबाची; हिशेब करून पाहावा, तेही दहाच! मधल्या काळांत एका पट्टीचा प्रवाह सेकंदाला ३.२ गिगाबाइटांवरून ४८ गिगाबाइटांवर गेला, म्हणजे पंधरापट झाला. विहीर मात्र होती तेथेंच आहे. उलट डीडीआर-५ ची जी सामान्य पट्टी निघाली, ४८०० वेगाची व ४० विलंबाची, तिचा हा विलंब साडेसोळा अब्जांश सेकंदांहून अधिक भरतो. म्हणजे तीन पिढ्यांपूर्वींच्या चांगल्या पट्टीहूनही ती या एका बाबतींत मंद! म्हणून नुसता मोठा आंकडा पाहून भुलूं नये. वेगाच्या आंकड्यानें विलंबाच्या आंकड्यास भागावें (३० भागिले ६०००) आणि दोन हजारांनीं गुणावें. आलेलें उत्तर अब्जांश सेकंदांत असतें. एवढा त्रैराशिकाचा हिशेब घरांतील कोणाही इयत्ता सातवीच्या मुलीस येईल.

आतां ग्राफिक्सकडे वळूं. प्रोसेसर विलंबानें गांजतो, ग्राफिक्स कार्ड प्रवाहाच्या तुटवड्यानें. त्याला एकाच वेळीं लक्षावधि ठिपके रंगवावयाचे असतात. एखादा ठिपका उशिरां आला तरी तें दुसऱ्यास हात घालतें. त्याला पाटाचें पाणी हवें, घागरीचें नव्हे. पूर्वीं तर हा तुटवडा इतका असे कीं, १९७७ सालीं निघालेल्या अटारी २६०० या खेळयंत्रांत एकंदर १२८ बाइट रॅम होती. हें एवढें वाक्यसुद्धां तींत मावलें नसतें. पडद्याचें संपूर्ण चित्र साठवावयास जागाच नसल्यामुळें दूरचित्रवाणीच्या नळींतील किरण एक ओळ काढीपर्यंतच्या अवधींत, म्हणजे प्रोसेसरच्या ७६ ठेक्यांत, पुढच्या ओळींत काय काढावयाचें हें कार्यक्रमानें ठरवावयाचें, असा तो जिवावरचा खेळ होता. रांगोळीची एक ओढ काढून होते तोंच दुसरी आठवावी, वहींत नक्षी नाहीं, अशी ती कसरत. पुढें १९९६ सालीं निन्टेन्डो ६४ निघालें, त्याला रॅम्बस जातीची चार मेगाबाइट रॅम दिली होती. तिचा प्रवाह त्या काळच्या मानानें जोरदार, पण पहिली घागर फार उशिरां यावयाची. त्यांतून भिंती-जमिनींवर चढवावयाच्या चित्रांसाठीं जवळची सांठवण अवघी चार किलोबाइट. त्या यंत्रावरचे पुष्कळ खेळ धुरकट, पुसट दिसतात, त्याचें एक मुख्य कारण हें आहे.

परंतु स्मृतीच्या निवडीनें दोन मोठ्या कंपन्यांचें भाग्य कसें हेलावलें, याचें ठळक उदाहरण २०१३ सालचें. त्या वर्षीं नोव्हेंबरांत एका आठवड्याच्या अंतरानें सोनीचें प्लेस्टेशन ४ व मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स वन अशीं दोन यंत्रें अमेरिकेंत बाजारांत आलीं. दोहोंत एकाच कंपनीचे, म्हणजे एएमडीचे, जवळजवळ सारखे प्रोसेसर. दोहोंत आठ-आठ गिगाबाइट रॅम. वडील माणसांच्या दृष्टीनें पाहिलें तर बरोबरीचा सामना! पण सोनीनें ती आठही गिगाबाइट रॅम जीडीडीआर-५ या ग्राफिक्ससाठीं घडविलेल्या जातीची घेतली, तिचा प्रवाह सेकंदाला १७६ गिगाबाइट. मायक्रोसॉफ्टनें साधी डीडीआर-३ घेतली, तिचा प्रवाह ६८. ही तूट भरून काढण्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें चकतीच्या पोटांतच ३२ मेगाबाइटांची एक अतिजलद सांठवण ठेविली. म्हणजे कोठीघर दूरचें, पण चुलीजवळ एक मोठा डबा.

योजना बुद्धीची होती; पण डबा लहान पडला. १०८० ओळींच्या पूर्ण चित्रांत वीस लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येकास चार बाइट धरले तर एका थरास आठ मेगाबाइटांच्या आंतबाहेर जागा लागते. त्या काळच्या खेळांत रंग, उजेड, अंतर इत्यादींचे असे चार-पांच थर एकावर एक काढण्याची पद्धति रूढ झाली होती. म्हणजे चाळीसच्या घरांत गेलें, आणि डबा बत्तीसचा! ९०० ओळींचें चित्र घेतलें तर पांच थर एकोणतीसच्या आंत बसतात, ७२० ओळींचें घेतलें तर अठरांतच. परिणाम काय झाला? 'कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स' हा खेळ प्लेस्टेशनवर १०८० ओळींत निघाला, एक्सबॉक्सवर ७२० ओळींत, ठिपक्यांच्या हिशेबानें सव्वादोनपट फरक. 'बॅटलफील्ड ४' तिकडे ९००, इकडे ७२०. मासिकांतून चित्रें शेजारीं-शेजारीं छापून येऊं लागलीं, आणि घरोघरच्या मुलांनीं काय समजावयाचें तें समजून घेतलें. न्यायानें सांगावयाचें तर दोष सगळा स्मृतीचा नव्हता. सोनीच्या ग्राफिक्स भागांत काम करणारे गट अठरा होते व मायक्रोसॉफ्टच्या बारा. पण आंतल्या त्या सांठवणीनें चकतीवरची जागा अडविली होती, हेंही त्याच हिशेबांत धरलें पाहिजे. प्लेस्टेशनचे मुख्य योजक मार्क सर्नी यांनीं २०१३ मध्येंच एका व्याख्यानांत सांगितलें होतें कीं, पोटांत लहान पण फार जलद स्मृति ठेवण्याची रचना त्यांच्याहीपुढें आली होती. परंतु ती वापरण्याची युक्ति साधण्यांत खेळ लिहिणारांचा काळ जाईल, म्हणून त्यांनीं ती सोडून दिली. सर्वांना एकच मोठें कोठार, आणि तें जलद, हा त्यांचा निर्णय मला तरी शहाणपणाचा वाटतो. मायक्रोसॉफ्टनेंही २०१७ सालीं एक्सबॉक्स वन एक्स काढतांना आंतला डबा काढून टाकला व ३२६ गिगाबाइट प्रवाहाची जीडीडीआर-५ घेतली, यांत सर्व कांहीं आलें.

गंमत अशी कीं, ज्या डब्यानें ग्राफिक्सला दगा दिला तोच प्रोसेसरला तारक ठरतो. दूरच्या स्मृतीपुढें लहानशी जवळची स्मृति ठेवावी हें मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालींच लिहून ठेविलें होतें. आणि प्रोसेसर व रॅम यांच्या गतींत पडत चाललेलें अंतर एके दिवशीं भिंतीसारखें आडवें येईल, असा इशारा १९९५ सालीं वुल्फ व मॅकी या अमेरिकन अभ्यासकांनीं दिला होता. २०२२ सालच्या एप्रिलांत एएमडीनें रायझन ७ ५८००एक्स३डी या नांवाचा प्रोसेसर विकावयास काढला. त्यांत नवा मेंदू नव्हता. जुन्याच ५८००एक्सच्या डोक्यावर सांठवणीचा आणखी एक मजला चढवून ती ३२ मेगाबाइटांवरून ९६ वर नेली होती. त्यासाठीं घड्याळाची गति थोडी कमीच करावी लागली. तरीही तो खेळांत आपल्या थोरल्या भावास मागें टाकूं लागला. कंपनीनें स्वतः सरासरी पंधरा टक्के सांगितले. हात मंद झाले, पण कोठीघराकडे धांवणें वाचलें, म्हणून स्वयंपाक लवकर झाला. मोठी सांठवण असलेल्या या प्रोसेसरांच्या मालकांस महाग रॅमचा फायदा फारच थोडा होतो, हेंही ओघानेंच आलें.

असो. आतां नानांच्या व त्यांच्या चिरंजीवांच्या वादाकडे येऊं. पहिली गोष्ट, अपुऱ्या रॅमला चपळ रॅमचा उपाय नाहीं. खेळ चालू असतां रॅम कांठोकांठ भरत असेल, तर संगणक मधून मधून एसएसडीकडे धांव घेतो, आणि वर सांगितल्याप्रमाणें पावणेसात मिनिटांच्या ठिकाणीं सहा दिवस लागूं लागतात. आठ गिगाबाइटांच्या यंत्राची हीच व्यथा असते. तेथें आधीं परिमाण वाढवावें. दुसरें, खेळ ग्राफिक्स कार्डापाशीं अडतो कीं प्रोसेसरपाशीं, याची परीक्षा घरींच करतां येते. खेळाच्या मांडणींत चित्राच्या ओळी कमी कराव्या, १०८० च्या ७२० कराव्या. फ्रेमची संख्या भराभर वाढली तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, आणि नव्या रॅमवर घातलेला रुपया पाण्यांत जाईल. संख्या होती तेथेंच राहिली तर प्रोसेसर ताटकळत आहे, आणि मग मुलाच्या म्हणण्यांत तथ्य असूं शकेल. असूं शकेल एवढेंच म्हणतों. कारण सामान्य पट्टी काढून उत्तम पट्टी घातली तरी बहुतेक खेळांत लाभ दहा टक्क्यांच्या आंतबाहेरच असतो. मात्र सरासरीनें सर्व गोष्ट कळत नाहीं. पंगतींत एकंदर वाढप जलद झालें, पण ताक यावयास एकदांच पांच मिनिटें लागलीं, तर पाहुणे घरीं जाऊन त्या पांच मिनिटांचीच गोष्ट सांगतात. खेळांतही डोळ्यांस बोंचतात ते मधले एक-दोन उशिरांचे क्षण, आणि चपळ स्मृतीनें सरासरीपेक्षां हे क्षण अधिक निवळतात. मुलगा 'अडखळतो' म्हणतो तेव्हां तो बहुधा याविषयींच बोलत असतो. तें खोटें नसतें.

ज्या संगणकांत निराळें ग्राफिक्स कार्ड नाहीं, चित्रें काढण्याचा भाग प्रोसेसरच्याच पोटांत आहे, तेथें तर मुलाचाच पक्ष बळकट आहे. अशा यंत्रांत आचारी व वाढपी दोघेही एकाच कोठीघराच्या दारांत उभे असतात. डीडीआर-४ ची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट देते. तशाच दोन पट्ट्या दोन निरनिराळ्या वाटांवर बसविल्या तर ५१.२. म्हणून सोळा गिगाबाइटांची एकच पट्टी घेण्यापेक्षां आठ-आठच्या दोन घेणें शहाणपणाचें. पुष्कळ घरांत तयार विकत आणलेल्या यंत्रांत एकच पट्टी असते आणि शेजारची खांच रिकामी असते. ती भरली कीं खेळ एकदम हुशारून चालूं लागतो. चार खांचांचा मदरबोर्ड असेल तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत घालावयाच्या असतात. सोबतच्या पुस्तिकेंत तसें लिहिलेलें असतें, पण पुस्तिका वाचतो कोण? लागोपाठच्या खांचांत घातल्या कीं दोन्ही एकाच वाटेवर येतात, आणि दुसरी पट्टी घेऊनही प्रवाह होता तेवढाच राहतो.

आणि पैसे खर्च करण्यापूर्वीं एक फुकटची गोष्ट अवश्य पाहावी. वेगवान म्हणून विकलेली पट्टी संगणकांत बसविली म्हणजे ती आपल्या वेगानें धांवूं लागते, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाहीं. सावधगिरी म्हणून यंत्र तिला प्रथम सामान्य गतीनेंच चालवितें. ३६०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वर वर्षानुवर्षें चालते आहे आणि घरांत कोणास पत्ता नाहीं, असें नेहमीं होतें. यंत्र सुरू होतांना बायॉसमध्यें जाऊन एक्सएमपी नांवाची, किंवा एएमडीच्या नव्या यंत्रांत एक्सपो नांवाची, कळ चालू करावी लागते. ती केल्यावर क्वचित् संगणक मध्येंच बंद पडूं लागतो. तसें झालें तर वेग एक पायरी खालीं आणावा, कारण रॅममधील एखादा अंक चुकून बदलला तर खेळाबरोबर घरचा जमाखर्चही बिघडूं शकतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें सध्यांचा वेग दिसतो. दुसऱ्या कांहीं तपासणीच्या साधनांत बरोबर निम्मा आंकडा दिसतो, ३२०० च्या जागीं १६००. त्यावरून दुकानदारानें फसविलें असें समजून भांडावयास जाऊं नये. घड्याळाच्या प्रत्येक ठेक्याला, हात वर जातांना एकदां व खालीं येतांना एकदां, अशी दोनदां माहिती दिली जाते; पाटीवरचा आंकडा त्या दुपटीचा असतो.

नवा लॅपटॉप घेणारांनीं मात्र हा विचार घेण्याआधींच करावा. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते. ती पुढें वाढवितां येत नाहीं व बदलतांही येत नाहीं. कांहींत एक पट्टी पक्की व एक खांच मोकळी असते. दुकानांत 'सोळा गिगाबाइट' एवढेंच ऐकून न थांबतां, पट्ट्या एक कीं दोन, वेग किती, खांच मोकळी आहे कीं नाहीं, हे तीन प्रश्न विचारावे, आणि उत्तर देणारा घुटमळला तर त्याच्या समोरच यंत्र उघडून टास्क मॅनेजर पाहावा.